‘नाही’ म्हणालेली मुलगी

मंडळी, आज चिडून लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी ‘बाई, या वयात एवढा त्रागा कशाला’ असं म्हणायला नको.

रागाचं कारण आहे एका अमेरिकन प्राध्यापकाची कारकीर्द. सांगली जिल्ह्यात मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईचा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाशी काय संबंध, असं विचाराल. संबंध आपल्या ताटातूनच येतो. लहान ताटात वाढून घ्या, कमी जेवाल. भुकेल्या पोटी बाजाराला जाऊ नका, नको ते घेऊन याल. मुलांना पान चाटूनपुसून स्वच्छ करायला लावू नका, पुढे हावरी होतील. हे सल्ले तुम्ही पुरवणीत वाचले असतील, नाहीतर सकाळी सकाळी कोणा भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवले असतील. कोण म्हणतं असं, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘संशोधनात सिद्ध झालंय.’ त्या संशोधनाचा माग काढत गेलं की बरेचदा आपण एकाच दारात जाऊन उभे राहतो.

त्या दारावरची पाटी ब्रायन वॉन्सिंक यांची. जन्म १९६० चा, आयोवा राज्यातला. शिक्षण आहारशास्त्राचं नाही, वैद्यकाचं तर नाहीच. स्टॅनफर्डहून १९९० साली पीएचडी घेतली ती ग्राहक कसा वागतो या विषयात. १९९७ साली इलिनॉय विद्यापीठात त्यांनी ‘फूड अँड ब्रँड लॅब’ नावाची प्रयोगशाळा काढली आणि २००५ साली ते कॉर्नेलला आले. माणूस किती खातो हे भुकेपेक्षा ताट, वाटी, डबा, सोबत, समोर काय मांडलंय यावर ठरतं, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांचे प्रयोग मोठे गमतीदार असत. टेबलाखालून नळी लावून सूपचं वाडगं गुपचूप भरत ठेवायचं आणि खाणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ५४ माणसांवरचा हा प्रयोग २००५ साली छापून आला. न संपणारं वाडगं ज्यांच्यापुढे होतं त्यांनी ७३ टक्के जास्त सूप संपवलं म्हणे, आणि तरी आपण जास्त प्यायलो असं त्यांना वाटलंच नाही. या प्रयोगाला २००७ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. २००६ साली ‘माइंडलेस ईटिंग’ हे पुस्तक आलं. २००७ ते २००९ या काळात साहेब अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण धोरण केंद्राचे कार्यकारी संचालक होते. तिथल्या जनतेने काय खावं याची मार्गदर्शक तत्त्वं ज्या केंद्रातून निघतात ते हे केंद्र. पुढे त्यांच्या कल्पनांवर शाळांच्या भोजनगृहांसाठी एक चळवळ उभी राहिली, सरकारी पैसा मिळाला आणि ती सुमारे ३० हजार शाळांत पोचली.

इथवर माझी काही तक्रार नाही. माणूस हुशार, बोलका, आणि विषय सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. अशा माणसाचा तास मीही मागच्या बाकावर बसून ऐकला असता.

मग २०१६ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्या ब्लॉगवर एक लेख टाकला. (हो, आपल्यासारखाच ब्लॉग! म्हणून म्हणते, लिहिताना जपावं.) लेखाचं शीर्षक साधारण असं: ‘कधीच नाही न म्हणालेली विद्यार्थिनी’. तुर्कस्तानातून एक मुलगी त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी आली होती, बिनपगारी. साहेबांकडे एका इटालियन हॉटेलातली माहिती पडून होती. पैसे भरा आणि हवं तेवढं खा, अशा धर्तीचं हॉटेल. काही गिऱ्हाइकांना पूर्ण दर, काहींना निम्मा, आणि दराप्रमाणे खाणं बदलतं का हे बघायचं होतं. त्यातून काही हाती लागलं नाही. मूळ बेत फसला, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. पण माहिती जमवायला पैसे पडलेत, यातून काहीतरी निघायलाच हवं, शोध, असं त्यांनी मुलीला सांगितलं. ती रोज नवी आकडेमोड करून आणायची, साहेब नव्या वाटा सुचवायचे. त्या एका फसलेल्या प्रयोगातून तिच्या नावावर भराभर चार निबंध झाले. लेखात तिचं तोंडभर कौतुक.

त्याच लेखात दुसरी एक मुलगी आहे. तिच्याविषयी दोनचारच ओळी. ती पीएचडी होऊन पगारावर आलेली संशोधक. हीच माहिती आधी तिला देऊ केली होती. ती नाही म्हणाली. साहेबांनी पुढे हिशेब मांडलाय: ती वर्षभराने गेली, विद्यापीठाचं क्षेत्रही सोडून गेली, आणि महिन्याला किती छापलं या मापाने बघितलं तर तुर्की मुलीच्या पाव हिस्सा. तरुणांनो, यातून काय तो धडा घ्या, असा एकूण सूर.

माझा राग इथे सुरू होतो. पुढे जे घोटाळे बाहेर आले ते आलेच, पण एकही घोटाळा निघाला नसता तरी या एका लेखासाठी मी त्या प्राध्यापकांना वर्गाबाहेर उभं केलं असतं. चौतीस वर्षं मी वर्गात काढली. वर्गात ‘हो बाई’ म्हणणारी मुलं ढीगभर असतात. त्यांना काही शिकवावं लागत नाही, ती आपोआप तयार होतात, कारण घर, शाळा, ट्यूशन सगळीकडे तेच पीक निघतं. ‘बाई, हे असं कसं?’ म्हणणारं एखादंच असतं, आणि ते टिकवणं हे मास्तराचं काम. ज्याच्या हाताखाली ‘नाही’ म्हणणारी मुलगी टिकत नाही आणि ज्याला त्याचं वाईट वाटण्याऐवजी त्यात तरुणांसाठी बोधकथा दिसते, त्याला मी शिक्षक म्हणणार नाही. ती मुलगी कोण, कुठे असते, मला माहीत असण्याचं कारण नाही. पण त्या सगळ्या खटाटोपात मला माझी विद्यार्थिनी वाटते ती तीच. आणि तुर्की मुलीला मी दोष देत नाही. परका देश, पगार नाही, समोर जगप्रसिद्ध माणूस. तिने काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे?

आता यात शास्त्र म्हणून चूक काय, ते सांगते. मी बीए, आणि तेही मराठी माध्यमातून. पण आमच्या शाळेत पाचवी ते सातवीचं सामान्य विज्ञान बऱ्याचदा माझ्या गळ्यात असे, कारण विज्ञानाचे सर वरच्या वर्गांना पुरत नसत. प्रयोगवहीतला क्रम तुम्हाला आठवतच असेल: उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. मुलं लबाड. अनुमान पुस्तकातून आधी उतरवून घ्यायची आणि मग त्याला शोभेल असं निरीक्षण भरायची. तशा वह्या मी कोऱ्या करून परत द्यायची. साहेबांच्या प्रयोगशाळेत याच्याही पुढची गंमत. तिथे उद्देशच शेवटी लिहायचा! निरीक्षणं चाळत बसायचं, जिथे आकडा चमकेल तिथे थांबायचं, आणि आम्ही पहिल्यापासून हेच शोधत होतो असं लिहून द्यायचं.

ही चाळणी कशी लावायची तेही २०१८ साली त्यांची जुनी पत्रं वृत्तमाध्यमांत आली तेव्हा सगळ्यांना दिसलं. हॉटेलातल्या जेवणाऱ्यांचे गट पाड: पुरुष, बायका, दुपारी आलेले, रात्री आलेले, एकटे, दुकटे, दोनाहून जास्त जणांत बसलेले, दारू मागवणारे, सरबत मागवणारे, वाढपाच्या टेबलाजवळ बसलेले, लांब बसलेले. दगडातून रक्त पिळून काढ, अशा अर्थाचा सल्लाही त्यात आहे. आता बघा, शास्त्रात रूढ दंडक असा की निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत असेल तर तो छापण्याजोगा. ठीक. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस ठिकाणी चाळलं तर, प्रत्यक्षात काहीही नसताना, निदान एका ठिकाणी तरी तसा फरक निघण्याची शक्यता ६४ टक्के होते. नाणेफेक परवडली! तुम्ही सातवी ‘अ’ मधली साठ मुलं मला द्या. खिडकीजवळची आणि भिंतीजवळची, डबा आणणारी आणि घरी जेवायला जाणारी, ‘स’ अक्षराची आणि ‘प’ अक्षराची, असे गट पाडत बसले तर संध्याकाळपर्यंत मी सिद्ध करून दाखवते की भिंतीजवळ बसणाऱ्या ‘प’ अक्षराच्या मुलांचं भूगोलात डोकं चालतं. त्या पिझ्झाच्या माहितीतून निघालेला एक निष्कर्ष असा होता की बायकांसोबत जेवणारे पुरुष ९३ टक्के जास्त पिझ्झा खातात. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं?

ब्लॉगवरचा लेख वाचून काही लोकांच्या भुवया उंचावल्या. त्यातले तिघे, टिम व्हान डर झी, निक ब्राउन आणि जॉर्डन अनाया, छापलेले चार निबंध घेऊन बसले. २०१७ च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की चार निबंधांत मिळून सुमारे १५० विसंगती आहेत. यातले ब्राउन मला फार आवडले. आयुष्याचा मोठा भाग संगणकाच्या क्षेत्रात नोकरी केली आणि पन्नाशी उलटल्यावर पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या बाकावर येऊन बसले. मोठमोठ्या निबंधांतली आकडेमोड तपासणं हा त्यांचा छंद. त्यांनी आणि जेम्स हीदर्स यांनी २०१६ साली मांडलेली एक चाचणी तर अशी आहे की कुठलाही निकालपत्रक केलेला मास्तर कपाळावर हात मारून घेईल, हे आपल्याला का नाही सुचलं म्हणून! समजा वर्गात २० मुलं आहेत आणि गुण पूर्णांकात दिलेत. मग सरासरी १७.३० येईल, १७.३५ येईल, पण १७.३३ कधीही येणार नाही. वीसने भागल्यावर तो आकडा पडूच शकत नाही. आला, तर पत्रक चुकलंय किंवा कोणीतरी पत्रक रंगवलंय. मूळ माहिती बघायला मिळाली नाही तरी चालतं, छापलेली सरासरी आणि माणसांची संख्या एवढं पुरतं. अशा साध्या हत्यारांनी हा बुरूज ढासळायला लागला. मोठी मोठी नियतकालिकं, त्यांचे परीक्षक, विद्यापीठाच्या समित्या, सरकारी खातं, कोणालाही जे वर्षानुवर्षं दिसलं नाही ते.

आणि काही गोष्टी तर दिसायला भागाकारही लागत नव्हता. सफरचंदावर ‘एल्मो’ या टीव्हीवरच्या बाहुल्याचं चित्र चिकटवलं की मुलं बिस्किट सोडून सफरचंद घेतात, असा त्यांचा २०१२ सालचा निबंध. मुलं ८ ते ११ वर्षांची, असं त्यात लिहिलेलं. नंतर निघालं की मुलं होती ३ ते ५ वर्षांची! अहो, बालवाडी आणि चौथी यातला फरक ज्याला कळत नाही त्याने मुलांविषयी काय सांगावं? तीन वर्षांचं पोर चित्र बघून लाकडाचा तुकडासुद्धा उचलेल. चौथीतला पोरगा तुम्हालाच विचारेल, ‘बाई, आम्ही काय लहान आहोत?’ चार वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलांत जो फरक आहे तोच तर या अभ्यासाचा विषय असायला हवा होता. जो माणूस त्या मुलांच्या समोर उभा राहिला असेल त्याच्या हातून अशी चूक होणं मला तरी अशक्य वाटतं. निबंध २०१७ साली मागे घेतला, दुरुस्त करून पुन्हा छापला, आणि त्याच वर्षी तो दुरुस्त निबंधही मागे घेतला.

शेवट थोडक्यात सांगते. ‘जामा’ या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिक समूहाने कॉर्नेलला विचारलं की या निबंधांचे निष्कर्ष तपासून द्या. मूळ माहितीच उपलब्ध नाही, त्यामुळे खात्री देता येत नाही, असं उत्तर आलं. १९ सप्टेंबर २०१८ ला त्यांनी एकदम सहा निबंध मागे घेतले. मोठ्या वाडग्यातून माणूस जास्त वाढून घेतो, हा त्यात. उपाशी पोटी बाजारहाट, तोही त्यात. मुलांना ताट स्वच्छ करायला लावण्याचा, तोही त्यात. म्हणजे वर सांगितलेले आपले घरगुती सल्ले! दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने जाहीर केलं की वॉन्सिंक यांच्याकडून शैक्षणिक गैरवर्तन घडलं आहे: माहिती चुकीची मांडणं, संख्याशास्त्राच्या सदोष पद्धती, नोंदी नीट न ठेवणं, लेखक म्हणून नावं घालण्यातला गैरप्रकार. त्यांचं शिकवणं आणि संशोधन थांबवलं आणि ३० जून २०१९ ला ते निवृत्त झाले. मागे घेतलेल्या निबंधांची संख्या डझनावर गेली. चुका झाल्या, पण आपण जाणूनबुजून काही खोटं केलेलं नाही, असं ते म्हणाले, हेही नोंदवायला हवं. माझं त्यावर एवढंच की अख्खी प्रयोगशाळा ज्या सवयीने चालत होती, ती त्यांनी स्वतःच कौतुकाने जगापुढे मांडली होती. चोर पकडला गेला असं इथे झालंच नाही. हे असंच करायचं असतं, अशी त्या माणसाची प्रामाणिक समजूत होती, आणि मला भीती त्या समजुतीची वाटते.

आमच्या सूनबाई म्हणाल्या, ‘आई, पण लहान ताटाने नुकसान तर काही नाही ना?’ प्रश्न रास्त आहे. घरात लहान ताटं आली आहेतच आणि मीही त्यातच जेवते, माझं काही बिघडलेलं नाही (वजनही उतरलेलं नाही, ते सोडा). पण नुकसान कुठे होतं ते सांगते. जाडजूड माणसाला आपल्याकडे कोणीही, कुठेही, काहीही बोलतं. लग्नाच्या पंगतीत बोलतं, बसच्या रांगेत बोलतं, शाळेत तर मुलं टोपणनावच पाडतात. त्या माणसाला तुम्ही सांगता की बाबा, सोपं आहे, ताट बदल, फ्रिजमधले डबे वरच्या खणात ठेव, झालं. तो ते करतो. काही होत नाही. मग त्याच्या मनात येतं, एवढं सोपंसुद्धा मला जमलं नाही. आणि सोपा इलाज नुसता वैयक्तिक असता तरी एक वेळ ठीक. पण तो धोरण होतो. शाळेत मुलांना काय शिजवून द्यायचं, त्याला किती पैसे द्यायचे, शाळेच्या दारात काय विकायला परवानगी द्यायची, हे प्रश्न अवघड आणि खर्चिक. त्यापेक्षा गाजराला झकास नाव द्या, सफरचंदाला चित्र चिकटवा, हे स्वस्त. राज्यकर्त्यांना असं स्वस्त शास्त्र फार आवडतं, आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपन्यांना तर त्याहून जास्त, कारण दोष पाकिटातल्या मालाचा नाही, तुमच्या ताटाच्या व्यासाचा!

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण द्या, तेव्हा कुठे कोरडा तांदूळ घरी नेण्याऐवजी शाळेत खिचडी शिजायला लागली. त्या खिचडीची नोंदवही ठेवताना आम्ही शिक्षक वैतागायचो, हे खरं. पण वाढायच्या वेळी पोरांच्या डोळ्यांत मी जे बघितलं आहे त्यावरून सांगते, वाटीच्या आकाराशी त्याचा काही संबंध नव्हता.

याचा अर्थ खाण्यावर आणि वजनावर खरं शास्त्र होतच नाही असा घेऊ नका. ते होतं, पण त्याला वेळ लागतो आणि ते पुरवणीच्या चौकटीत मावत नाही. आपल्या पुण्यातच बघा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. बाई गरोदर राहण्याआधीपासून तिची उंची, वजन, खाणं यांच्या नोंदी घ्यायच्या, मग बाळ जन्मलं की त्याच्या. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं साडेतीन किलोचं. एवढं लहान बाळ म्हणजे नुसतं हडकुळं, असंच कोणीही म्हणेल. पण कातडीखालच्या चरबीची मोजमापं घेतली तेव्हा दिसलं की बाळाचे स्नायू कमी भरलेले आणि चरबी मात्र जवळपास राखलेली. हे २००३ साली छापलं, म्हणजे सुरुवातीनंतर दहा वर्षांनी! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक असलेल्या आपल्या माणसांना मधुमेह कसा होतो, या कोड्याकडे बघायची दिशाच त्याने बदलली. ती बाळं आता तिशीच्या घरात आहेत आणि त्यांचा मागोवा सोडलेला नाही. सहा गावांतल्या बायांच्या घरी किती चकरा झाल्या असतील, किती तराजू वाहून नेले असतील, विचार करा. त्यात पुन्हा पुन्हा जाऊन मोजणारे कार्यकर्ते आहेत. त्यांच्यावर कोणी बोधकथा लिहीत नाही.

अमेरिकेतही असे लोक आहेतच. केव्हिन हॉल नावाच्या संशोधकाने तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० माणसांना चार आठवडे रुग्णालयातच राहायला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे साधं. दोन्हींत पुढे मांडलेल्या कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू सारखे, आणि हवं तेवढं खा. प्रत्येक घास मोजला. कारखानी अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली, साध्या अन्नावर तेवढीच उतरली. २०१९ साली हे छापलं. माणसं वीसच, पण एकाही घासाबद्दल शंका नको अशी तजवीज. हे हॉल एप्रिल २०२५ मध्ये वेळेआधी निवृत्त झाले. आपल्या संशोधनाबद्दल बोलण्यावर वरून दडपण येत आहे, असं कारण त्यांनी उघड सांगितलं. म्हणजे इथेही एक ‘नाही’ म्हणणारा होता, आणि त्यालाही बाहेरच जावं लागलं.

आता घरचं. आपल्याकडे पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक निबंध छापलेला असलाच पाहिजे, अशी यूजीसीची २०१६ ची अट होती. परिणाम काय झाला? पैसे टाका आणि छापून घ्या अशी दुकानं निघाली. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने घुसलेल्या नियतकालिकांचा नमुना पुण्यातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासला तेव्हा ८८ टक्क्यांहून जास्त दर्जाहीन असू शकतात असं निघालं. ते २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलं. सक्तीची अट २०२२ च्या नियमांत गेली. पण नियम गेला म्हणून सवय जात नाही. ‘किती पेपर झाले?’ हा प्रश्न अजूनही ‘काय सापडलं?’ याच्या आधी विचारला जातो.

माझ्या पुतणीची मुलगी पोषणशास्त्रात पीएचडी करते आहे, घरातल्या मंडळींना ठाऊकच आहे. कुठल्या विद्यापीठात ते इथे लिहीत नाही. आदिवासी आश्रमशाळांतल्या मुलींची वजनं, उंची आणि हिमोग्लोबिन हा तिचा विषय. एका टप्प्यात काही मुली गावी गेल्यामुळे मोजमापं अपुरी राहिली. आहे त्याच माहितीचे तीन तुकडे करून तीन निबंध पाठवू, राहिलेल्या मुलींचे आकडे सरासरीवरून भरून टाकू, असं तिला सुचवण्यात आलं. वर, ‘सगळे असंच करतात, तू फार विचार करतेस’ हेही. तिने मला फोन केला आणि मला ते तुर्की मुलीचं सगळं प्रकरण आठवलं. वॉन्सिंकची गोष्ट मी तिला फोनवर तासभर सांगितली, म्हणून आज इथेही लिहून काढली. ‘अगं, आजी, मी आधीच नाही म्हणून आलेय,’ असं ती शेवटी म्हणाली. (तासभर मला बोलू दिलं ते दिलंच!)

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली परत आल्या की ती पुन्हा तराजू घेऊन जाणार आहे. त्यामुळे प्रबंध वर्षभर तरी लांबणार, शिष्यवृत्तीची मुदत संपत आली आहे, आणि गाईडची मर्जी काही फार बरी नाही. तेव्हा नातेवाईक मंडळी, मंगळवेढ्याच्या लग्नात ती भेटेल तेव्हा ‘काय मग, डॉक्टर कधी होणार?’ असं कृपा करून विचारू नका. विचारायचंच असेल तर किती मुलींची मोजमापं राहिली आहेत ते विचारा. माझ्याकडे तो आकडा आहे. एकेचाळीस.